बाद गड्याचे काय करायचे?

सांघिक ऑनलाइन खेळात मरण किती महाग ठेवायचे आणि परत येणे किती स्वस्त, हा रचनाकारांना छळणारा प्रश्न आहे. महाराष्ट्रातल्या मैदानांनी तो संगणकाच्या कितीतरी आधी हाताळला होता. हुतूतूच्या तीन जुन्या प्रकारांत त्याची तीन उत्तरे सापडतात. गामिनीत बाद झालेला गडी सगळा संघ बाद होईपर्यंत बाहेर बसे. अमरमध्ये तो मैदान सोडतच नसे, समोरच्यांना फक्त गुण मिळे. संजीवनीत प्रतिपक्षाचा एक बाद झाला की आपला एक जिवंत होई. आजची कबड्डी संजीवनीवर उभी आहे, आणि निवड योग्यच झाली. गामिनीत गडी घटले की पकड ढिली पडते आणि मग आणखी गडी घटतात. अमरमध्ये जिवाचे मोलच उरत नाही.

संजीवनीतही ही घसरण पुरती थांबत नाही, म्हणून नियमांनी टेकू दिले. तीन किंवा त्याहून कमी गड्यांनी केलेल्या पकडीला जादा गुण मिळतो. बचावात सहापेक्षा कमी गडी असले की बोनस रेषा बंद होते. सर्वांत देखणी योजना लोणाची आहे: सातही बाद झाले की समोरच्यांना दोन जादा गुण मिळतात, पण बाद झालेला संघ पुन्हा सातच्या सात मैदानात उतरतो. शिक्षा गुणफलकावर राहते, लढत मात्र बरोबरीने सुरू होते.

संगणकाच्या पडद्यावर, १९९९च्या एव्हरक्वेस्ट या ऑनलाइन खेळात, शिक्षा कठोर होती. मेल्यावर कमावलेला अनुभव घटे, सामान प्रेतापाशी राही आणि ते आणायला रिकाम्या हाताने जावे लागे. २०२१मध्ये आलेल्या बीजीएमआय या मोबाइल खेळाची रीत मैदानातल्या विषामृतासारखी आहे. पोरांना ती समजावून सांगावी लागत नाही: विष लागलेला जागीच थिजतो, सोबत्याने अमृत दिले की सुटतो. फरक हा की बीजीएमआयमध्ये उठवायला सुमारे दहा सेकंद लागतात आणि तेवढा वेळ उठवणाराच नेमात असतो. किंमत वाचवणारा मोजतो, यातच या योजनेचा कस आहे. एपेक्स लेजेंड्समध्येही सोबत्याची खूण उचलून ठरावीक ठिकाणी न्यावी लागते आणि त्याला आणणारे यान शत्रूलाही दिसते. वॉरझोनच्या गुलागमध्ये मात्र मेलेला एकटाच द्वंद्व लढून परततो. थरार आहे, पण संघ नुसता वाट पाहतो.

ताटकळण्याचा प्रश्न कुणीच नीट सोडवलेला नाही. लढत लांबलेली असताना आरंभीच मेलेल्याला उरलेला वेळ बघ्याची भूमिका मिळते. बरेच जण सरळ बाहेर पडतात. कबड्डीतली चढाई तीस सेकंदांची, त्यामुळे बाहेर बसलेल्याची आशा टिकते. तिथला दोष वेगळा आहे. गडी ज्या क्रमाने बाद झाले त्याच क्रमाने उठतात, म्हणून हुकमी चढाईपटू शेवटी बाद झाला तर त्याच्याआधी बाद झालेले सगळे उठवावे लागतात. पडद्यावर आधी कोणाला उठवायचे, हे उठवणारा ठरवतो.