‘असूडां’तील बक्षीस

जोतीराव फुले यांचा ‘शेतकऱ्याचा असूड’ (१८८३) हा शेतकऱ्यांचा जाहीरनामाच होय, असें आम्ही समजतों. त्यांतील क्रोधाची चर्चा पुष्कळ होते. बक्षिसांच्या सूचनेकडे मात्र वाचकांचें लक्ष क्वचितच जातें. उत्तम पीक काढणाऱ्यास व औत हाकण्याच्या परीक्षेंत उतरणाऱ्यास सरकारनें बक्षिसें द्यावींत, असें ते सुचवितात. पाणी अडविण्याची मागणीही त्याच ग्रंथांत असल्यामुळें ही सूचना पोकळ ठरत नाहीं : आधीं साधन, मग स्पर्धा. परभणीच्या कोरडवाहू काळ्या रानांत हा क्रम उलटविल्यास बक्षीस विहिरीला मिळेल, कष्टाला नव्हे. तथापि औताच्या परीक्षेंत खुरप्याला जागा नाहीं. निंदणी-खुरपणी करणाऱ्या बायांच्या श्रमांची किंमत धरल्यावांचून हा न्याय आम्हांस अपुराच वाटतो.