'बळी तो कान पिळी' हे नेमकं कोण म्हणतंय?

थ्युसिडिडीजचं नाव निघालं की एक विचार हमखास सांगितला जातो. न्यायाची भाषा तुल्यबळांमध्येच चालते, दुबळ्याने मुकाट सोसायचं. आपल्याकडे म्हणतात ना, बळी तो कान पिळी! आणि मग म्हटलं जातं, बघा, अडीच हजार वर्षांपूर्वीच ग्रीकांनी सत्तेचं मर्म ओळखलं होतं.

माझा आक्षेप साधा आहे. हे बोलतंय कोण? थ्युसिडिडीज नव्हे, अथेन्सचे दूत. नाटकातल्या खलनायकाचं वाक्य आपण नाटककाराचं मत म्हणून सांगतो का?

प्रसंग आठवा. इसवी सन पूर्व ४१६. मेलॉस हे छोटं बेट, मूळची स्पार्टाची वसाहत. त्यांना तटस्थ राहायचंय. अथेन्स म्हणतं, शरण या. मेलॉसवाले म्हणतात, देव आहेत, स्पार्टा आहे, आशा आहे. दूत या आशेची टर उडवतात. पुढे वेढा पडतो, शहर शरण येतं. हाती लागलेल्या प्रौढ पुरुषांची कत्तल होते, बायकामुलांना गुलाम म्हणून विकतात.

आता गंमत बघा. पाचच वर्षांपूर्वी, ४२१ मध्ये, अथेन्सने स्किओनी या शहराचं अगदी हेच केलं होतं. थ्युसिडिडीज ते एका वाक्यात उरकतो. मेलॉसला मात्र लांबलचक संवाद, तोही नाटकासारखा, बोलणाऱ्यांची नावं न देता. म्हणजे घटना त्याने घडवली नाही, पण तिला किती जागा द्यायची हे त्यानेच ठरवलं.

का दिली एवढी जागा? पान उलटा. लगेच सिसिलीची मोहीम येते. ते बेट केवढं आहे, तिथे माणसं किती, हे बहुतेक अथेन्सकरांना ठाऊकही नव्हतं, असं तो आवर्जून नोंदवतो. ४१३ मध्ये सिराक्यूजहून माघार घेताना सेनापती निकियस आपल्या हरलेल्या सैनिकांना काय सांगतो? आशा सोडू नका, देव आता दया करतील. अरे, हे तर मेलॉसवाल्यांचं बोलणं! ज्या आशेची टर उडवली, तीच आता अथेन्सच्या तोंडी. निकियस मारला जातो, आणि निदान सात हजार कैदी दगडाच्या खाणींत कोंडले जातात.

याचा अर्थ थ्युसिडिडीज मेलॉसवाल्यांच्या बाजूने होता असं नाही. स्पार्टा आलंच नाही. दूतांचा हिशोब मेलॉसपुरता बरोबर निघाला, चुकला तो स्वतःबद्दल. दुसऱ्याचा भाबडेपणा दिसणाऱ्याला स्वतःचा दिसत नाही, हे त्याचं मनुष्यस्वभावाबद्दलचं खरं निरीक्षण.

एक उणीव मात्र सांगितली पाहिजे. विकल्या गेलेल्या त्या बायकांना त्याच्याकडे आवाज नाही. लगेच ४१५ मध्ये युरिपिडीजने 'ट्रोजन स्त्रिया' हे नाटक रंगमंचावर आणलं. पराभूत शहराच्या बायकांचं बोलणं ऐकायचं तर तिकडे जावं लागतं.

तेव्हा पुढच्या वेळी कुणी ते वाक्य 'वास्तववाद' म्हणून तुमच्या तोंडावर फेकलं, तर एवढंच विचारा. पुढची पानं वाचलीत का?