टप्प्याबाहेरचे आवाज

फ्रान्सच्या कॅले बंदराजवळच्या निर्वासित छावणीत २०१६ मध्ये ‘जंगला रेडिओ’ चालला. छावणीतलीच तरुण मुलं आवाज टिपून छोटे कार्यक्रम बनवत. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये छावणी पाडली गेली.

सोलापुरात तशी छावणी नाही. पण ‘सेटलमेंट फ्री कॉलनी’ हा पत्ता आजही सांगितला जातो. गुन्हेगार जमाती कायद्याखाली ज्यांना तारेच्या कुंपणात कोंडून गिरणीकामाला जुंपलं, त्यांच्या नातवंडा-पणतवंडांची ही वस्ती. तो कायदा ३१ ऑगस्ट १९५२ ला गेला. शिवाय दर हंगामात बीडकडून ऊसतोडीचे कोयते, म्हणजे मजूर जोडपी, जिल्ह्यात उतरतात, मुकादमाची उचल घेऊन, पोराबाळांसकट. कायद्याने यातलं कुणीच निर्वासित नाही. भारताने १९५१ च्या निर्वासित करारावर सहीच केलेली नसल्याने कायद्याचं फार मनावर घ्यायलाही नको.

सेटलमेंटच्या आणि ऊसतोडीच्या या मुलांच्या ध्वनिकलेला घर कुठलं? सामुदायिक रेडिओ, असं पटकन वाटतं. २००६ मध्ये स्वयंसेवी संस्थांना त्याचे परवाने खुले झाले आणि शेजारच्या माण तालुक्यात म्हसवडला २००८ मध्ये ‘माणदेशी तरंग वाहिनी’ सुरू झाली. तिने तिथल्या बोलीला हक्काची जागा दिली, हे मोठंच काम. पण नियम बघा. प्रक्षेपण शंभर वॅटचं, ऐकू जाणार दहा-पंधरा किलोमीटर. निम्मा आशय स्थानिकांच्या सहभागातून. म्हणजे समुदाय एका जागी बसलेलाच असणार, हे गृहीत. पाण्यावाचून गाव सोडलेलं पोरगं टप्प्याबाहेर गेलं की आपल्या रेडिओला मुकतं, आणि फडाशेजारच्या केंद्राला ते ‘स्थानिक’ वाटत नाही.

खरी अडचण मात्र कलेची आहे. आपल्या रेडिओला आवाज म्हणजे बोलणं वाटतं. मुलाखत, तज्ज्ञांचा सल्ला, मध्ये एखादी ओवी, पुन्हा सल्ला. आकाशवाणीने श्रुतिका घडवली. पुणे केंद्राच्या ग्रामीण विभागात व्यंकटेश माडगूळकरांसारखा बोलीचा जाणकार होता. तरी पाऊस, बैलगाडी, दार हे बहुधा स्टुडिओतले ‘इफेक्ट’च राहिले, आणि प्रत्यक्ष जागेचा आवाज गोंगाट म्हणून गाळला गेला. ऊसतोडीच्या मुलांबाबत तो गोंगाट हाच मजकूर आहे. पहाटेचा कोयत्याचा घाव, पाचटाची सळसळ, मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकमध्ये चढणाऱ्या पावलांचा ठेका, कोपीत धाकट्याला झोपवणाऱ्या मुलीचं पुटपुटणं. एवढं नीट जुळवलं तर निवेदक कशाला हवा?

साधनांची सबब आता फारशी टिकत नाही. घरात एखादा फोन असतो, मुलं रेकॉर्डही करतात. पण रीलसाठी, वर तयार गाणं चढवून. स्वतःचा आवाज खाली गाडला जातो. सेटलमेंटमध्ये राहणाऱ्या कैकाडी समाजाची बोली द्राविडी वळणाची, पारधी बोली गुजरातीच्या नात्यातली. या दोन्ही बोली एकत्र खेळवणारी श्रुतिका माझ्या कानावर अजून आलेली नाही. सोलापूरसारख्या मराठी-तेलुगू-कन्नड कानाच्या शहरात ही उणीव जास्तच खुपते.

सोलापूर आकाशवाणीचा पल्ला कुठल्याही सामुदायिक केंद्राहून मोठा आहे. गाळप हंगामात तिने आठवड्याला अर्धा तास द्यावा आणि संकलनाची कात्री मुलांच्या हाती ठेवावी. पहिले भाग कच्चे निघतील, कदाचित कंटाळवाणेही. तसं समीक्षकांनी खुशाल लिहावं. या मुलांच्या वाट्याला आजवर कौतुक आलं ते दयेपोटी. त्यांचा एखादा तुकडा लांबला, फसला, असं कुणी छापून सांगितलेलं नाही.