आनंदीचे वय

२००८ च्या पावसाळ्यात जवाहर नगरातल्या आमच्या गल्लीत रात्री आठ वाजता तीन-चार घरांतून एकच शीर्षकगीत ऐकू येई. ‘कलर्स’ वाहिनी तेव्हा नवी होती आणि ‘बालिका वधू’ही. गल्लीतले मराठी घर आमचे एकच. शेजारच्या भाभीजींची तक्रार अशी, की दादीसा बोलतात ती मारवाडी राजस्थानातल्या कुठल्याच जिल्ह्याची नाही; आमच्या जयपूरची ढूंढाडी तर नाहीच नाही. पण दादीसा मात्र त्यांना ओळखीच्या वाटत. ‘आमच्या सासूबाई अशाच गप्प बसून घाबरवायच्या,’ असे त्या म्हणत आणि भाग चुकवत नसत.

त्या ओळखीचे श्रेय बरेचसे सुरेखा सिक्री यांना. ‘तमस’ आणि ‘मम्मो’मधल्या या अभिनेत्रीने कल्याणीदेवीला खलनायिका होऊ दिले नाही. घर टिकवायचे तर सुनांना वाकवावेच लागते, यावर तिचा मनापासून विश्वास आहे, हे त्यांच्या बसण्यातून कळे. तिच्या भोवतीची माणसेही नुसती भरतीची नव्हती. वयाने कितीतरी मोठ्या वसंतशी लग्न लावून आणलेली गहना होती, गौन्याच्या सुमारासच विधवा झालेली सुगना होती, आणि या सगळ्यांकडे बघत बघत आपले लग्न म्हणजे नेमके काय हे हळूहळू समजू लागलेली आनंदी होती. अविका गोरची आनंदी रडायची कमी आणि प्रश्न जास्त विचारायची. मालिकेची पहिली दोन वर्षे या प्रश्नांवर उभी होती.

पुढे मालिका बिघडली, हे सगळेच म्हणतात. कारण विचारले की एकच उत्तर मिळते: लांबली. मला ते पुरेसे वाटत नाही. मराठीत ‘चार दिवस सासूचे’ २००१ पासून २०१३ पर्यंत चालली, तीन हजारांहून जास्त भाग झाले. म्हणीप्रमाणे पाचव्या दिवशी सुनेची पाळी यायला हवी होती. रोहिणी हट्टंगडी आणि कविता लाड यांना त्यासाठी अकरा वर्षे तिष्ठावे लागले. कंटाळा खूप आला, पण फसवल्यासारखे वाटले नाही. सासू-सुनेच्या भांडणाला मुदत नसते, हवे तितके पाणी घाला. बालवधूला मात्र मुदत असते. ती मोठी होते.

आनंदी २०१० मध्ये मोठी झाली आणि प्रत्यूषा बॅनर्जी तिच्या जागी आली. तिथवर हरकत नव्हती. उलट, इथून पुढची दोन-अडीच वर्षे मला मालिकेची धीट वर्षे वाटतात. मुंबईला डॉक्टरकी शिकायला गेलेला जगदीश दुसरे लग्न करतो, लहानपणी लावून दिलेल्या नात्याला मोठेपणी काय किंमत उरते हा प्रश्न उभा राहतो, आनंदी सरपंच होते, कलेक्टर शिवशी पुनर्विवाह करते. बालविवाहाचे परिणाम विवाहापाशी थांबत नाहीत, हे दाखवणारी ही गोष्ट होती, आणि दादीसाचा या काळातला पश्चात्ताप हे सिक्री यांचे सर्वांत बारीक काम. पुनर्विवाहाशी गोष्ट पुरी झाली होती. मालिका आणखी चार वर्षे चालली.

या चार वर्षांत आनंदीचा चेहरा पुन्हा बदलला, शिव अतिरेक्यांशी लढताना मारला गेला. हे सगळे इतर मालिकांतही होते. टीआरपीचा आकडा दर आठवड्याला येतो आणि लेखकाला दर आठवड्याला काहीतरी फोडावे लागते. मला खटकले ते निराळेच. नाव ‘बालिका वधू’ आणि घरात बालिका उरली नाही, तेव्हा मालिकेने आनंदीच्या मुलीलाच पळवून नेले, तिचे नाव निंबोळी केले आणि तिचे लहानपणीच लग्न लावून दिले. जी प्रथा वाईट म्हणून भागाच्या शेवटी पडद्यावर संदेश येत असे, त्या प्रथेवाचून मालिकेचे पान हलेना. दादीसाच्या क्रौर्यामागे एक जग होते. निंबोळीच्या सासरच्या अखेराजमागे फक्त मिशा होत्या.

मराठी वाचकाला इथे हरिभाऊ आपटे आठवणारच. ‘पण लक्षात कोण घेतो?’ ही कादंबरी १८९० पासून ‘करमणूक’ साप्ताहिकात क्रमशः येत गेली आणि १८९३ मध्ये पुस्तक झाली. मधल्या १८९१ मध्ये संमतीवयाचा कायदा झाला, म्हणजे विषय ऐन चुलीवर होता. ‘करमणूक’चे संपादक हरिभाऊच, वर्गणीदार टिकवायची चिंता त्यांनाही असणार. कादंबरी पसरट आहे, शंकरमामंजींचे कारस्थान मधूनमधून ताणलेले आहे, हेही खरे. पण गोष्ट यमू स्वतः सांगते. स्वतःचे आयुष्य सांगणाऱ्या बाईला अकरा वर्षांची उडी मारून नव्या चेहऱ्याने परत येता येत नाही. नवरा जातो, केशवपन होते, आणि मग सांगणारीच उरत नाही. वर्गणीदारांना यमूची मुलगी मिळाली नाही.

‘बालिका वधू’ने लीप घेतली तेव्हा अकरा वर्षे एका रात्रीत सरली. इथून तास-दीड तासावर भटेरी गाव आहे. १९९२ मध्ये तिथल्या भंवरी देवी या साथिनीने एका तान्ह्या मुलीचे लग्न थांबवण्याचा प्रयत्न केला. त्याचा सूड म्हणून तिच्यावर सामूहिक बलात्कार झाला. १९९५ मध्ये खालच्या न्यायालयाने आरोपींना बलात्काराच्या आरोपातून सोडले. १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाची विशाखा मार्गदर्शक तत्त्वे आली, ती देशभरच्या नोकरदार बायकांच्या उपयोगी पडली; भंवरी देवी त्याच गावात राहिली. जयपूरमध्ये बसून मालिका पाहताना हे विसरता येत नाही. प्रेक्षक जगदीशला माफ करायला तयार होता, दादीसालाही. इथल्या प्रेक्षकाला माफ करणे जड गेले ते काळ पुसून टाकणे. भाभीजींनी २०१४ च्या आसपास पाहणे सोडले. ‘आता हे कोणाचे घर आहे, तेच समजत नाही,’ एवढेच त्या म्हणाल्या.

मालिका ३१ जुलै २०१६ ला संपली, दोन हजार दोनशेंहून अधिक भागांनंतर. सुरेखा सिक्री जुलै २०२१ मध्ये गेल्या. ऑगस्टमध्ये ‘बालिका वधू’चे दुसरे पर्व आले: गाव गुजरातमधले, नवी मुलगी, नाव आनंदीच. पहिल्या आनंदीला मोठे व्हायला जवळपास दोन वर्षे लागली होती. ही काही महिन्यांतच मोठी झाली.