चिठ्ठी लागली, म्हणजे संपले?

युबिक्विटिन हे 76 अमिनो आम्लांचे चिमुकले प्रथिन. ते एखाद्या प्रथिनाला चिकटले की त्या प्रथिनाचे प्रोटिआसोममध्ये तुकडे होतात, असे आपण वर्गात सांगतो. 2004 साली या शोधासाठी सिचॅनोव्हर, हर्श्को आणि रोझ यांना रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले, तेव्हा ‘मृत्यूचे चुंबन’ ही उपमा जगभर पोचली. उपमा झकास आहे, आणि आमची तक्रार तीच आहे. ती लक्षात राहते आणि पुढचे काही ऐकूच येत नाही.

एका शिबिरात आम्हीच ती फळ्यावर लिहिली होती. मागच्या बाकावरून एका बाईंनी विचारले, ‘‘चिठ्ठी चुकून लागली तर?’’

चुंबन परत घेता येत नाही. युबिक्विटिन काढता येते. मानवी पेशीत हे काम करणारी सुमारे शंभर विकरे आहेत. युबिक्विटिनच्या टोकाचे ग्लायसिन आणि त्या प्रथिनातले लायसिन यांच्यातला बंध ती तोडतात. बहुतेकांच्या कात्रीचे पाते म्हणजे सिस्टीन. थोड्यांत जस्ताचा अणू. (उपमेवाचून आमचेही भागत नाही!)

मग चिठ्ठी काढणारा तो तारणहार, असे म्हणावे का? तेही चुकेल. आरपीएन-11 हे विकर प्रोटिआसोमच्या दारातच बसलेले असते. आत ओढल्या जाणाऱ्या प्रथिनावरचे युबिक्विटिन ते उतरवून घेते. युबिक्विटिन पुन्हा वापरता येते, प्रथिन मात्र आत जाते.

यूएसपी-7 ची गोष्ट तर शिक्षकांनी जरूर सांगावी. कर्करोगाला आवर घालणाऱ्या पी-53 वरचे युबिक्विटिन ते काढते, असे 2002 मध्ये दिसले. म्हणजे यूएसपी-7 नाहीसे केले तर पी-53 घटायला हवे. पण काही पेशींत ते काढून टाकल्यावर पी-53 चक्क वाढले! कारण पी-53 ला चिठ्ठी लावणाऱ्या एमडीएम-2 लाही यूएसपी-7 च वाचवत होते. यूएसपी-7 ला रोखणारी औषधे कर्करोगावर चालतील का, हा शोध याच तर्कातून सुरू झाला. ‘चिठ्ठी काढली की प्रथिन वाचले’ एवढ्यावरच थांबणाऱ्याला तो सुचला नसता.

शिवाय प्रत्येक चिठ्ठी मरणाची नसते. युबिक्विटिनमधल्या 63 व्या लायसिनवरून जोडत गेलेली साखळी बहुधा निरोप पोचवते. सीवायएलडी हे विकर अशा साखळ्या तोडून निरोप थांबवते. त्याचे जनुक जन्मतःच सदोष असलेल्या माणसांना डोक्याच्या त्वचेवर गाठी येतात. इथे बिघाड निरोप न थांबण्याचा आहे. मृत्यूचा त्यात संबंधच नाही.

आता आम्ही फळ्यावर नुसती ‘चिठ्ठी’ लिहितो आणि कोणत्या साखळीची, कोण काढणार, हे मुलांना विचारायला लावतो. तास थोडा लांबतो.