ठाणे की मुसाफिरखाना?

उर्दूत कुणी ‘थाने जाना है’ म्हटले की विचारावे लागते, ठाणे शहरात की पोलीस ठाण्यात? आमच्या वर्गातली मुले या वाक्यावर हमखास हसतात. त्यांच्या घरची मोठी माणसे दुसरा अर्थ लागताच गप्प होतात.

म्हणून मुंबईतील महाराष्ट्र पोलीस मुख्यालयाकडे मला केवळ जुनी देखणी वास्तू म्हणून पाहता येत नाही. रीगल सिनेमासमोरच्या चौकातील ही इमारत फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्सची. कल्याण-डोंबिवलीची माणसे रोज ज्या व्हीटीला उतरतात, ते स्थानकही त्याचेच, पण नंतरचे. १८७६ साली पुरी झालेली ही वास्तू मुळात ‘रॉयल अल्फ्रेड सेलर्स होम’, म्हणजे खलाशांचा निवारा. बडोद्याच्या खंडेराव महाराज गायकवाडांनी त्यासाठी दोन लाख रुपये दिले होते.

‘होम’ हा शब्द स्टीव्हन्सने मनावर घेतला होता. गॉथिक म्हणजे दडपण, असे आपल्याला उगीच वाटते. इथे मजल्यामजल्यावर कमानींचे सज्जे आहेत. ऊन अडावे, वारा मात्र यावा. काळसर बेसाल्टला फिक्या दगडाची किनार. वर दर्शनी त्रिकोणात समुद्रदेव नेपच्यून आणि जलपऱ्या. दर्यावरून थकून आलेल्याला काही ओळखीचे दिसावे, इतकेच. आपल्या भाषेत हा मुसाफिरखानाच. क्रॉफर्ड मार्केटजवळच्या साबू सिद्दीक मुसाफिरखान्यात हजच्या जहाजाची वाट पाहिलेल्यांना अशा सज्ज्याची किंमत सांगावी लागणार नाही.

१९२८ पासून इथे कायदेमंडळ भरू लागले. १९८१ मध्ये नरिमन पॉइंटला नवे विधान भवन झाले आणि १९८२ पासून इथे पोलीस आले. वास्तूचा चेहरा शाबूत राहिला याचे वारसाप्रेमींना समाधान आहे, ते रास्तही आहे. माझी तक्रार उंबरठ्याची. जिची प्रत्येक कमान उघडी, ती इमारत आपण फाटकाबाहेरून पाहतो. सुरक्षेची कारणे मी नाकारत नाही. शिवाय इथे फिर्याद द्यायला कोणी येत नाही. पण राज्यभरच्या ठाण्यांचे हे मुख्यालय. नवे ठाणे बांधणाऱ्यांनी इथली नक्षी उचलू नये, सज्जा उचलावा. दाराशी सावली आणि दोन बाकडी, एवढ्याला खर्च तो किती?

मागे एका विद्यार्थ्याच्या आईसोबत हरवलेल्या मोबाइलची तक्रार द्यायला गेलो होतो. ठाण्याची इमारत नवी होती, काचाही चकचकीत. दीड तास ती बाई आवारात, उन्हात, कुणाच्या तरी स्कूटरला टेकून उभी होती.