आखडलेली ग्रंथनामे

वाचनाची यादी ठेवणारा वाचक ग्रंथनामे बहुधा आखडून लिहितो. बाबा पदमनजी यांच्या १८५७ मधील कादंबरीची नोंद 'यमुनापर्यटन' एवढीच केली जाते. 'अथवा हिंदुस्थानातील विधवांच्या स्थितीचे निरूपण' हा भाग गळतो. ही काटकसर निरुपद्रवी नव्हे. कादंबरी हा प्रकार मराठीत नवखा असता नुसत्या 'पर्यटना'ने प्रवासवर्णनाचाच भास व्हावा. लेखनाचे प्रयोजन सांगतात ते 'अथवा'नंतरचे शब्द. शिवाय 'निरूपण' हा कीर्तनातला शब्द ख्रिस्ती लेखकाने योजावा, ही खुबीही त्यांतच आहे.

उद्धव शेळके यांची 'धग' (१९६०) किंवा भालचंद्र नेमाडे यांची 'कोसला' (१९६३) एका शब्दावर भागवते, कारण तोवर कादंबरीला आपली ओळख करून देण्याची गरज उरली नव्हती. हरिभाऊ आपटे यांचे 'पण लक्षात कोण घेतो?' मात्र कोणत्याही यादीत आखडत नाही. ते वाक्यच आहे. आणि तेही 'पण'ने सुरू होणारे, म्हणजे त्याआधीचे सारे गाऱ्हाणे वाचकाने यमूच्या आत्मकथनातून भरून घ्यावयाचे.

नेमाडे यांच्या २०१० मधील कादंबरीचे मात्र नुकसान झाले आहे. तिचा उल्लेख पुष्कळदा 'हिंदू' एवढाच होतो. 'जगण्याची समृद्ध अडगळ' वगळली जाते. 'समृद्ध' आणि 'अडगळ' यांतील ताण नाहीसा झाला की केवळ एक धर्मवाचक शब्द उरतो, आणि पुस्तक न उघडताच त्यावर मत देणे सोपे होते.